रकान्यातलं नाव

काकांसमोर नाक दाबायची सोय नव्हती. नाल्यावरच्या पुलावरून जाताना कुठलाही शहाणा माणूस रुमाल काढतो, श्वास रोखतो आणि भराभरा पाय उचलतो. मीही पहिल्या दिवशी तेच केलं. काका तिथंच थांबले, छत्री जमिनीवर टेकवली आणि म्हणाले, "ओळखीचं माणूस समोर आलं की नाक दाबता का तुम्ही?"

"माणूस कुठाय काका? नाला आहे हा."

"तुमची ओळख नाही अजून. होईल."

झालं, म्हटलं, घरमालक वेडा मिळाला! मी बागलाणातली. नाशकात एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागले होते आणि त्र्यंबक रोडच्या बाजूला डोक्यावर छप्पर शोधत होते. काकांच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती, गच्ची होती, आणि खाली काका-काकू दोघंच. म्हटलं, सहा महिने काढू, मग बघू. सहा वर्षं राहिले. नाल्याशी ओळखही झाली. आता दुसऱ्या गावात राहते, तरी कुठं घाण पाण्याचा वास आला की मला आधी काका आठवतात. हे त्यांना सांगायला हवं होतं, फार खूश झाले असते.

काका भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, बांधावरची भांडणं ऐकली. निवृत्त झाल्यावर मोजायचं थांबवायचं असतं, हे मात्र त्यांना कोणी सांगितलंच नाही. घरापासून दूधवाल्यापर्यंत किती पावलं, दूधवाल्यापासून मारुतीपर्यंत किती, सगळं तोंडपाठ. छत्रीच्या दांड्यावर चाकूनं खुणा केलेल्या होत्या. छत्री उघडली जायची क्वचित, मोजायला मात्र रोज. मी नवं कपाट आणलं तेव्हा टेम्पोतून उतरायच्या आत त्यांनी त्याची रुंदी सांगितली आणि जिन्यातून जाणार नाही हेही सांगितलं. मी ऐकते कसली! हमालांनी अर्धा तास घाम गाळला आणि शेवटी ते कपाट काकांच्या पुढच्या खोलीत ठेवून ते निघून गेले. सहा वर्षं माझे कपडे खाली आणि मी वर. काकांनी एकदाही "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. नुसते कपाटाकडे बघून हसायचे. त्याचा जास्त राग यायचा.

"आधी मोज, मग बोल," हे त्यांचं पालुपद. शेजारचे कोणी पाहुण्याला सांगायला लागले की स्टेशन इथून जवळच आहे, की काका कुंपणावरून विचारणार, "नाशिक रोड जवळ? कुणाच्या पायांनी?" पाहुणा बिचारा बॅग घेऊन उभा.

दुसरं पालुपद होतं, "रकाना रिकामा ठेवू नये." फॉर्म कुणाचाही असो, गॅसचा, बँकेचा, पोलिसात द्यायचा भाडेकरूचा, काकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय तो पुढं जायचा नाही. माझ्या फॉर्ममध्ये 'ओळखीची खूण' ह्याच्यापुढं मी काही लिहिलं नव्हतं. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'डावी भुवई नेहमी चढलेली.' तो फॉर्म तसाच पोलीस चौकीत गेला. हवालदारानं वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

रविवारी सकाळी सहाला जिन्याखालून हाक यायची. "मॅडम, निघायचं का?"

निघायचं म्हणजे नाल्याच्या काठानं चालायचं. काकूंचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली. पहिलं वर्ष भिडेखातर गेले, दुसरं वर्ष चरफडत गेले आणि तिसऱ्या वर्षी एकदा काकांना ताप होता, तर मी एकटीच जाऊन आले. कॉलनीतले लोक मला काकांचा साखळीवाला म्हणायचे. मोजणीला जाताना साखळी धरायला एक माणूस बरोबर लागतो, तो मी. म्हणा बापडे, म्हटलं.

काकांची रीत अशी की उगमाकडून खाली यायचं नाही, तोंडाकडून वर जायचं. एका रविवारी एक टप्पा. पुढच्या रविवारी रिक्षानं तिथपर्यंत जायचं आणि तिथून पुढं. सगळ्यात खाली, जिथं तो गोदावरीला मिळतो, तिथं कपडे धुणाऱ्या बायकांना काकांनी विचारलं, "हिला काय म्हणता तुम्ही?" त्या म्हणाल्या, "नाला म्हणतो, अजून काय म्हणणार?" आमच्या कॉलनीच्या मागं, पुलावर निळी सरकारी पाटी होती, 'सुगंधा नाला'. त्याच्या वरच्या अंगाला कारखान्यांच्या भिंती. तिथला परप्रांतीय वॉचमन म्हणाला, "ये तो केमिकलवाला नाला है, बाबूजी, दूर से देखो." त्याच्या वर द्राक्षांचे मळे आणि कांद्याची शेतं लागायची. तिथं काठाला बांबूची बेटं होती, म्हणून तो वेळूचा ओहोळ. आणि पार डोंगराखाली, त्र्यंबकच्या वाटेवरच्या पाड्यात, लोक त्याला नुसता झिरा म्हणायचे. तिथं पाणी नितळ होतं. खालची वाळू मोजून घ्यावी इतकं नितळ. काका वाकले, ओंजळ भरली, तोंडावर मारली आणि मलाही मारायला लावली.

"काका, हा तोच नाला?"

"तीच ही. माहेरी अशीच असते."

नाला तो, ओहोळ तो, पण काका कायम 'ती' म्हणायचे. मी सुरुवातीला सुधारायला गेले, मग नाद सोडला. एका वहीत ही सगळी नावं ते टिपून ठेवायचे. कोण म्हणालं, कुठं म्हणालं, तिथून पुलापर्यंत किती पावलं. मी विचारलं, "एवढी नावं गोळा करून करायचं काय?" तर म्हणाले, "खरं कुठलं ते बघायचंय." मी म्हटलं, "खरं म्हणजे काय काका? पाटीवर आहे की." त्यावर ते एकदम चिडले. "पाटीचं काय सांगतेस! गोदेला गंगा म्हणणारं गाव हे. 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतात आणि गोदावरीवर जाऊन येतात. इथं नावाची गॅरंटी कोणी द्यायची?"

काकू ह्या प्रकाराला हसायच्या. पाठीनं ताठ, बोलायला कमी, आणि बोलल्या की टोमणा नेमका बसायचा. निफाडकडच्या शेतकरी घरातल्या. दारावर काकांच्या नावाखाली 'सौ. शालिनी' अशी पितळी अक्षरं होती, पण त्या नावानं त्यांना कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. कॉलनीला त्या काकू, आणि काकांना 'अगं'. आम्ही रविवारी निघालो की त्या पिशवीत दशम्या द्यायच्या आणि मला म्हणायच्या, "जा बाई, माझ्या सवतीकडे जाऊन या. तिला म्हणावं, नवरा जेवणाच्या वेळेला परत पाठव."

काका कधी नव्हे ते खाली मान घालून चपला घालायचे.

आणखी एक गोष्ट मला कळायची नाही. पावसाळ्यात वर्तमानपत्रात बातम्या यायच्या. 'सुगंधा पुन्हा तुंबली'. 'सुगंधाच्या दुर्गंधीनं नागरिक हैराण'. काका ते पान घडी करून गादीखाली सारायचे. काकू गादी उन्हात टाकायच्या त्या दिवशी काका माझ्या खोलीत येऊन सगळी पानं माझ्या ट्रंकेमागं लपवायचे. संपादकांना पत्रं लिहायचे, ती मी टाइप करायची. 'कृपया आपल्या वार्ताहराने नावापुढे नाला हा शब्द न चुकता लिहावा, ही नम्र विनंती.' कारण विचारलं की ते स्वल्पविराम तपासायला लागायचे. मी म्हटलं, असतो एकेकाचा छंद. कोणी पोस्टाची तिकिटं जमवतं, काका एका नाल्याची अब्रू सांभाळतात.

मग सिंहस्थाची कामं निघाली. नाशकात सिंहस्थ म्हणजे रस्ते, पूल, घाट आणि पाट्या. आमच्या कॉलनीतही एक समिती झाली. नाल्यावर घाट व्हावा, कमान व्हावी. समितीतल्या एका हौशी गृहस्थांनी पुस्तिका छापली. नाशकात दगड उचलला की खाली सीतामाईची गोष्ट निघतेच, तशी इथंही निघाली. वनवासात असताना सीतामाई ह्या प्रवाहात न्हाली, तिच्या वेणीतली फुलं पाण्यात पडली, म्हणून ही सुगंधा. आरतीसुद्धा रचली. एका संध्याकाळी पुलावर ती म्हटली गेली. लोक एका हातानं टाळ्या वाजवता येत नाहीत म्हणून नाइलाजानं नाकावरचा रुमाल काढून उभे. मला हसू आवरेना. काकांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा पांढरा पडलेला. मला वाटलं, दिवसभराचं ऊन लागलं असेल.

त्यानंतर काका रविवारवर थांबेनात. मी रजा काढली की मधल्या वारीही निघायचं. कमानीवर नाव कोरायच्या आधी नावाबद्दल कोणाची हरकत असेल तर सुनावणीला या, अशी सरकारी नोटीस लागली होती. काकांना त्याच्या आत खरं नाव हवं होतं.

ते आम्हाला मिळालं एका म्हातारीकडून. वेळूच्या बेटाजवळ बाभळीखाली ती दोन शेळ्या चारत बसली होती. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"ह्याला? भागीचा व्हळ."

"आजी, वेळूचा म्हणतात ना इकडं?"

"वेळू आत्ता आला. माझ्या म्हाताऱ्यानं लावलाय त्यो. त्याच्या आधीधरनं भागीचा. पार गंगेपत्तुर भागीचाच."

"कोण भागी?"

"मी कुठं पाह्यलीया! माझी सासू सांगायची. लय मोठा दुष्काळ पडला व्हता, व्हळ खडखडीत. तवा भागीनं हातानं वाळू उकरून झिरा काढला. दिसभर तिथं बसून वाटी-वाटीनं पाणी भरून द्यायची. कोणी बी यावं. तू कोण, कुठला, काय नाय इचारायची. तिला ना घर, ना पोर. नाव तेवढं मागं राह्यलं व्हतं, ते बी पाटीवाल्यांनी नेलं. काय लिवलंय म्हणं त्या पुलावर? सुगंधा! कोण ही सटवी?"

मी खो खो हसले. मग बाजूला पाहिलं. काका मटकन बांधावर बसले होते आणि छत्री आडवी पडली होती. म्हातारी घाबरली. "पाणी पाजा त्यांला," म्हणाली. पाणी पिऊन ते उठले, तिला हात जोडले आणि चालायला लागले. त्या दिवशी त्यांनी पावलं मोजली नाहीत.

शेताच्या कडेला, रिक्षाची वाट बघत बसलो असताना त्यांनी मला सांगितलं.

आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो. माहेरचं नाव गेलं, सासरचं आलं. काकांनी आईनं सांगितलेलं नाव लिहिलं, शालिनी. त्याआधी काकू सुगंधा होत्या. लग्नाला महिना झाला असेल नसेल, पोस्टमन दारात आला. काकूंच्या वडिलांचं कार्ड होतं. त्या भोळ्या माणसानं सवयीनं पत्त्यावर लिहिलेलं, 'चि. सौ. सुगंधा हीस'. काकांच्या आईनं ते कार्ड पोस्टमनच्या हातात परत दिलं. म्हणाली, ह्या नावाचं इथं कोणी राहत नाही.

"मी दारातच उभा होतो," काका म्हणाले. "ती मागच्या अंगणात कपडे धूत होती. मला नुसतं हात पुढं करून कार्ड घ्यायचं होतं. नाही केला हात पुढं. आईसमोर बोलायची टाप नव्हती माझी."

दुसऱ्या दिवशी मोजणी ह्याच भागात. शहर वाढणार म्हणून नवी हद्द आखायची होती. नकाशाबरोबर एक तक्ता भरायचा, त्यात रकाना होता, ओढ्या-नाल्याचं स्थानिक नाव. रिकामा रकाना दिसला की साहेब कागद तोंडावर फेकायचे. भर दुपार, आसपास कोणी नाही.

"कोणी नाही असं म्हणायचं झालं. एक शेत ओलांडलं असतं तर वस्ती होती. उन्हाचा कंटाळा केला. आणि डोक्यात ते कार्ड होतं. पाणी असं छान वाहत होतं. म्हटलं, घरातनं पुसलं ते निदान सरकारी कागदावर राहू दे. सरकारी कागद कोण पुसतोय? लिहिलं. लिहून इतका आनंद झाला मला त्या दिवशी, काय सांगू!" मग छत्रीच्या दांड्यावरच्या खुणा चाचपल्या. "आणि त्या पाणी पाजणाऱ्या बाईचं नाव मी पुसलं. माझ्या आईत आणि माझ्यात फरक काय राहिला?"

म्हणजे ती गादीखालची वर्तमानपत्रं त्यासाठी होती. बायकोचं नाव तुंबलं, बायकोच्या नावाला वास येतो, हे रोज सकाळी चहाबरोबर वाचायचं. मी कपाळावर हात मारला. "काका, काकूंना माहीत आहे हे?"

"नाही. सुनावणीत सांगतो सगळं."

"सुनावणीत? म्हणजे काकूंना पेपरातून कळणार? आधी त्यांना सांगा. आजच सांगा."

"तू बसशील तिथं?"

ऐंशीच्या घरातला माणूस, अख्ख्या तालुक्याची भांडणं मिटवलेला, पण बायकोशी बोलायला साक्षीदार हवा! बसले.

काकू पडवीत मेथी निवडत होत्या. काकांनी जे सांगितलं ते सरकारी अहवालासारखं सांगितलं. सदर प्रवाह, सदर रकाना, सदर दिवशी दुपारी. काकूंचे हात चालूच होते. कार्डाचं आलं तेव्हा थांबले.

"माझ्या अण्णांचं कार्ड?"

"हो."

"परत पाठवलं?"

"हो."

"तुम्ही कुठं होतात?"

"दारातच होतो."

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "मी दिवाळीपर्यंत अण्णांवर रुसले होते. लग्न करून दिलं आणि विसरले म्हणून. दिवाळसणाला न्यायला आले तर वाटेत धड बोलले नाही त्यांच्याशी. ते बिचारे सारखे विचारत होते, पोरी, काय चुकलं माझं?"

काकांनी जमिनीवर पडलेली मेथीची एक काडी उचलून जुडीवर ठेवली.

"आणि तो पूल," काकू म्हणाल्या. आता आवाज चढला होता. "बहिणीकडे सातपूरला जायचे ना बसनं, मी मुद्दाम त्या बाजूची खिडकी धरायचे. ती पाटी वाचायला. कोणी उठवलं तरी उठायचे नाही. मनात म्हणायचे, बघ, तुझ्या नावाची कोणीतरी आहे गावात. तुम्हाला कधी सांगितलं नाही, हसाल म्हणून. आणि ते नाव तुम्ही ठेवलेलं! नाल्याला नाव ठेवता आलं तुम्हाला, मला एक हाक मारता आली नाही? एवढ्या वर्षांत? सासूबाई होत्या तोवर ठीक आहे. त्या गेल्यावर कोण आडवं आलं होतं?"

"सवय..." काका म्हणाले.

"आग लागो त्या सवयीला!" काकू उठून आत गेल्या. मी मेथी निवडत बसले. मला दुसरं काही सुचेना.

पुढचे चार दिवस घरातलं बोलणं माझ्यामार्फत चाललं. "त्यांना सांग, चहा झालाय." "तिला सांग, साखर कमी आहे." मी वरून खाली, खालून वर. शेवटी मी दोघांनाही झापलं की मी काय पोस्ट ऑफिस उघडलंय का इथं! बोलून गेले आणि जीभ चावली. पोस्टाचं नाव त्या घरात त्या आठवड्यात काढायला नको होतं.

सुनावणीच्या दिवशी काका धुतलेला शर्ट घालून खुर्चीवर बसून होते. जायचं की नाही हे त्यांचं त्यांनाच ठरेना. मला म्हणाले, "गेलो तर तिचं नाव तिथनंही जाईल. आणि नाही गेलो तर त्या भागीचं गेलंच." एवढ्यात काकू आतून आल्या. हातात जुना, घड्यांवर फाटत आलेला कागद होता. शाळा सोडल्याचा दाखला, इयत्ता चौथी, कु. सुगंधा. त्यांनी तो काकांच्या मांडीवर ठेवला.

"न्या हा. पुरावा मागतील."

"म्हणजे काढू तिथलं नाव?"

"भागीचं भागीला द्या," काकू म्हणाल्या. "माझं मला घरात द्या." आणि परत आत गेल्या.

सुनावणीच्या हॉलमध्ये पंखे फिरत होते आणि कोणाचंच कोणी ऐकत नव्हतं. पुस्तिकावाल्या गृहस्थांनी सीतामाईची गोष्ट सांगितली, आरतीचं पहिलं कडवंही म्हटलं. मग काका उभे राहिले. "हे नाव कुठल्याही पुराणातलं नाही. मी लिहिलंय. माझ्या बायकोचं आहे," म्हणाले. हॉल हसला. मागून कोणीतरी शिट्टीही मारली. काका थांबले, हसणं संपू दिलं, आणि पुन्हा तेच वाक्य पहिल्यापासून म्हटलं. मग भागीची गोष्ट सांगितली, वहीतल्या पानासकट आणि पावलांसकट. पुस्तिकावाले म्हणाले, "आजोबा, लोकांच्या भावना आहेत ह्यात." काका म्हणाले, "माझ्याही आहेत."

अधिकारी एक तरुण बाई होत्या. त्यांनी दाखला हातात धरून बराच वेळ पाहिला. विचारलं, "आजी आहेत का?"

"आहेत. घरी आहेत. माझ्याशी बोलत नाहीत."

परत हशा झाला, पण त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "नोंद घेतली आहे."

"कुठल्या रकान्यात?" काकांनी विचारलं.

पुढचं सांगायचं तर पाटी आजही तीच आहे. कमान झाली नाही, घाटाचं काय झालं कोणाला माहीत नाही, आणि ती नोंद कुठल्यातरी फायलीत असेल. काका गेले त्याला दोन पावसाळे झाले. मी नाशकाला गेले होते तेव्हा. पुलावरून जाताना नाक दाबलं नाही, खूप वास होता तरी. वरच्या वस्तीवर मात्र, म्हातारीच्या नातवानं वेळूच्या बेटापाशी एका धोंड्यावर चुन्यानं 'भागीचा ओहोळ' असं लिहिलंय. पावसात पुसलं जातं, तो परत लिहितो. काकांनी त्याला तसं बजावूनच ठेवलं होतं.

पण मला सांगायचीय ती त्या सुनावणीची दुपार. रिक्षातून घरी येताना काका एक अक्षर बोलले नाहीत. ओठ मात्र हलत होते. मी आधी समजले पावलं मोजतायत, मग लक्षात आलं, रिक्षात पावलं कुठली? तालीम चालली होती. फाटकाशी उतरलो तर मला म्हणाले, "तू हो पुढं."

मी आत गेले. काकू ओट्याशी उभ्या होत्या, कढईत मेथीची भजी होती. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी पाण्याचा तांब्या उचलला, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"सुगंधा."

अनोळखी गल्लीत पत्ता विचारावा तसा आवाज. काकूंनी झारा फिरवला.

"सुगंधा!" ह्या वेळी मोठ्यानं.

"बघ गं बाहेर," काकू म्हणाल्या, "कोणाचे तरी पाहुणे चुकून आपल्याकडे आलेले दिसतात."

मी तांब्या ठेवला. "काकू," म्हटलं, "तुम्हालाच हाक मारतायत."

काकूंनी झारा कढईतच सोडला. गॅस बंद केला. हात पदराला पुसले, मग तोच पदर नीट खांद्यावर घेतला. दाराकडे निघाल्या आणि उंबऱ्याच्या आत, काकांना दिसणार नाही अशा बेतानं उभ्या राहिल्या. मी "काका, आल्या बरं का" म्हणून ओरडायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"तू बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "अजून एकदा मारू दे त्यांना हाक."